चढताना काही नाही, उतरताना गुडघा बोंबलतो!

प्रश्न: वय ४४, कोथरूडला राहते. रोज सकाळी वेताळ टेकडी आणि रविवारी आतकरवाडीतून सिंहगड, हे बरीच वर्षं चालू आहे. पण हल्ली उतरताना दोन्ही गुडघे पुढच्या बाजूला, वाटीपाशी दुखतात, चढताना अजिबात नाही. मांडी घालून बराच वेळ बसलं की उठताना पण कळ येते. शेजारचे काका म्हणतात वंगण संपलं, आता बास करा. मुलगा म्हणतो एमआरआय काढ. स्पोर्ट्स मेडिसिनवाल्या डॉक्टरांकडे जाऊ का, की ते फक्त खेळाडूंनाच बघतात?

उत्तर: ताई, काकांना चहा पाजा आणि वंगणाचा विषय सोडून द्या. तुम्ही लिहिलंय त्यावरून हे बहुतेक वाटीचं दुखणं वाटतंय, अर्थात खात्री गुडघा हाताने तपासल्यावरच. सपाटीवर चालताना वाटीवर साधारण वजनाच्या निम्मा दाब येतो आणि जिना चढता-उतरताना तोच वजनाच्या तिपटीच्या आसपास जातो. त्यात उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, घाटात गाडी उतरवल्यासारखं, आणि तो दमला की भार वाटीवर. चढताना दम लागतो म्हणून आपण थांबतो तरी, उतरताना मात्र पोहे नाहीतर पिठलं-भाकरी हाणून धडाधडा खाली येतो!

एमआरआय लगेच नको. चाळिशीनंतर अजिबात न दुखणाऱ्या गुडघ्यातसुद्धा त्यात काही ना काही दिसतं आणि मग माणूस रिपोर्टलाच घाबरून घरी बसतो. हां, गुडघा सुजला, मध्येच अडकला, पाय एकदम लचकून सोडून दिला किंवा रात्री झोपेतही दुखायला लागलं तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा.

टेकडी बंद करायची गरज नाही, कमी करा. रोजच्याऐवजी एक दिवसाआड, उतरताना छोटी पावलं आणि हातात काठी. गडावर चढून जा पण काही आठवडे खाली येताना जीप धरा (गाडी आतकरवाडीत लावली असेल तर तिथवर थोडं चालावं लागेल, चालतंय). दुखणं दहापैकी तीन-चारपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यासारखं होत असेल तर चालेल, त्यापुढे गेलं की पुढच्या वेळी कमी करायचं. पेनकिलर खाऊन चढायचं हे तर अजिबात नको, घाम गाळून पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्या किडनीला त्रास देतात.

आणि व्यायाम, आठवड्यातून तीनदा: जिन्याच्या खालच्या पायरीवरून एका पायावर हळू खाली उतरणं, भिंतीला टेकून अर्धं बसणं, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं. हा शेवटचा लोक टाळतात, पण कमरेच्या बाजूचे स्नायू कच्चे असतील तर गुडघा आत वळतो. फरक पडायला सहा ते बारा आठवडे लागतात, दोन आठवड्यांत सोडून देऊ नका.

स्पोर्ट्स मेडिसिनवाले फक्त खेळाडूंना बघत नाहीत, जरूर जा. चांगला फिजिओही चालेल. फक्त जाताना टेकडीचे रोजचे बूट घेऊन जा आणि आठवडाभरात किती चढता-उतरता ते कागदावर लिहून न्या, रिपोर्टच्या फाईलपेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो.