पड, पडीक आणि ओसाड

प्रश्न असा आला आहे: उष्ण कटिबंधातल्या फिरत्या शेतीवरचा लेख मराठीत करताना 'फॅलो'साठी, म्हणजे काही काळ न पेरता ठेवलेल्या जमिनीसाठी, 'पडीक' लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'ओसाड' केलं. बरोबर काय?

ओसाड तर नाहीच. ओसाडात 'ओस' आहे. माणसं उठून गेली, वस्ती मोडली, असा त्याचा सूर. 'पडीक' त्याच्या जवळ येतो, पण मला तोही नको वाटतो. आपण 'जमीन पड ठेवली' म्हणतो तेव्हा ठेवणारा कुणीतरी असतो आणि त्याचा काही बेत असतो. 'जमीन पडीक आहे' म्हटलं की माणूस वाक्यातून गायब होतो, मागे उरतो नुसता ठपका. दिवसभर मोबाइलवर पडीक असणारा मुलगा आठवा, म्हणजे या शब्दाचा आजचा रंग कळेल.

फिरत्या शेतीत नेमका हाच फरक कळीचा आहे. पावसाळी जंगलाखालची माती बहुधा निकस असते. तिथली अन्नद्रव्यं मोठ्या प्रमाणात झाडोऱ्यातच साठलेली असतात. झाडं तोडून जाळली की राखेतून पालाश, स्फुरद, चुना मिळतो आणि मातीचा आंबटपणा उतरतो. नत्र मात्र बराचसा धुरातून जातो. दोन-तीन हंगामांत कस उतरतो, तण माजतं. मग ती जागा दहा-पंधरा वर्षं रानाच्या हवाली करायची. खोल मुळं खालची अन्नद्रव्यं वर आणतात, पाचोळा मातीवर पांघरूण घालतो, उतारावरची धूप थांबते. म्हणजे पीक दोन वर्षांचं असलं तरी शेती सगळी पंधरा वर्षांची.

बोर्निओच्या काही भागांत तर भाताबरोबरच वेत लावून ठेवतात. भात निघाला की पाहणाऱ्याला जमीन सोडून दिल्यासारखी दिसते. वेत मात्र आत वाढत असतो आणि काही वर्षांनी तोडायला येतो. याला पडीक म्हणायचं?

घोळ आपल्याच भाषेत आहे असंही नाही. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येत पाच वर्षांपेक्षा कमी काळ पड असलेली जमीन लागवडयोग्य क्षेत्रात मोजतात. फिरत्या शेतीतली 'सोडून दिलेली' जमीन मोजत नाहीत. पंधरा वर्षांचं चक्र त्या पाच वर्षांत बसणार कसं? गंमत म्हणजे फिलिपिन्समधल्या हानुनोओ लोकांची फिरती शेती ही एक सलग, विचारपूर्वक घडवलेली पद्धत आहे, हे दाखवणारा मानवशास्त्रज्ञ हॅरोल्ड कॉन्क्लिन यांचा अहवाल याच संघटनेने 1957 साली छापला होता.

जिथे ही शेती मुरलेली आहे तिथले शब्द बघण्यासारखे आहेत. बोर्निओवरच्या सारावाक या मलेशियन राज्यातल्या इबान लोकांकडे 'तेमुदा' म्हणजे पूर्वी कसलेली आणि आता रान वाढू दिलेली जमीन. ती पहिल्यांदा मोकळी करणाऱ्या घराचा हक्क तिच्यावर राहतो. ब्राझीलमध्ये अशा वाढीला 'कापोएरा' म्हणतात. तो शब्द तुपी भाषेतल्या 'एकेकाळचं रान' अशा अर्थाच्या शब्दापासून आला, असं मानतात. (त्याच नावाच्या खेळाची व्युत्पत्ती हा वेगळा वाद, त्यात पडत नाही.)

आणि आपल्याकडे 'रान' आहेच! शेतालाही रान, जंगलालाही रान. एरवी भाषांतरात अडचण करणारा हा दुहेरी अर्थ इथे अगदी फिट्ट बसतो. म्हणून माझी सूचना: नाम हवं तिथे 'पड रान', क्रियापद हवं तिथे 'पड ठेवणे'. तुमचं 'दोन वर्षांनी जमीन पडीक होते' हे वाक्य 'दोन वर्षांनी जमीन पड ठेवतात' असं करा. जाता जाता, 'स्थलांतरित शेती' हा पाठ्यपुस्तकी शब्दही टाळा. अनेक ठिकाणी गाव जागच्या जागी असतं, फिरतं ते शेत.

'पडीक' अगदी फेकून मात्र देऊ नका. लेखात पुढे इंडोनेशियाचा परिच्छेद आहे: पड ठेवण्याचा काळ तीन-चार वर्षांवर आला, आलांग-आलांग गवताने उतार व्यापले, ते वारंवार पेटतं आणि झाडाचं रोप वर येऊच देत नाही. तिथे खुशाल 'पडीक' लिहा.