वाचक विचारतात : भर उन्हातले पिशाच

प्रश्न : वडिलांच्या सामानात ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटाची १६ मिमी. रिळे सापडली. दृश्यांमधल्या मजकुराच्या पाटीवर रात्र असते आणि पिशाच मात्र लख्ख उजेडात हिंडते. डब्यांना व्हिनेगरसारखा वास येतो. ही मूळ प्रिंट असेल का? संग्राहक अशा प्रतींच्या मागे का असतात?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : तो उजेड हा छपाईचा दोष नव्हे. १९२२ साली एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांनी हा मूकपट केला, तेव्हाच्या फिल्मवर रात्रीचे बाह्यचित्रण जवळपास अशक्य होते; म्हणून ती दृश्ये दिवसा टिपून प्रिंटचा तेवढा भाग निळा रंगवत आणि पडदा निळा झाला की प्रेक्षक रात्र समजत. पुढे कृष्णधवल फिल्मवर प्रती निघाल्या, निळा रंग गेला आणि शवपेटी काखोटीला मारून निघालेला काउंट, म्हणजे तो पिशाच सरदार, उन्हात उघडा पडला.

१६ मिमी. फिल्म १९२३ साली बाजारात आली, तेव्हा तुमची प्रत नंतरचीच. त्याने हिरमुसू नका. ‘ड्रॅक्युला’ कादंबरीचे हक्क न घेताच हा चित्रपट काढल्यामुळे तिचे लेखक ब्रॅम स्टोकर यांच्या पत्नीने दावा लावला आणि १९२५ मध्ये जर्मन न्यायालयाने सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. परदेशी गेलेल्या प्रती तेवढ्या तगल्या. त्यांच्यावरून आणखी प्रती निघाल्या, कुठे कात्री लागली, कुठे पाट्या बदलल्या. जाणता संग्राहक म्हणूनच प्रतीचे कूळ शोधतो, आणि माझ्या मते या छंदाची खरी गोडी भीतीपेक्षा त्या शोधातच आहे. पाट्यांवर काउंटचे नाव ‘ऑर्लॉक’ आहे की ‘ड्रॅक्युला’, हे आधी पाहा. दुसरे असल्यास प्रत बहुधा अमेरिकी आवृत्तीवरून निघालेली असणार. फिल्म कोडॅकची असल्यास कडेला वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा वर्षदर्शक खुणा सापडतील. मात्र त्याच खुणा वीस वर्षांनी पुन्हा येतात.

वासाकडे मात्र दुर्लक्ष नको. उष्णतेने व दमटपणाने अॅसिटेट या प्लास्टिकच्या फिल्ममधून अॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलेच आम्ल, सुटते आणि तेच आम्ल पुढची झीज वाढवते. ठाण्याच्या पावसाळ्यात ही रिळे माळ्यावर किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवू नयेत. हवेशीर, कोरड्या जागी, इतर रिळांपासून दूर ठेवावीत. फिल्म आकसली असेल तर प्रोजेक्टरवर कडेची भोके फाटतील, तेव्हा आधी स्कॅन करून घ्या आणि कडेच्या खुणाही त्यात येऊ द्या.