हॉस्पिटलच्या ग्लोव्ह्जमागची वेठबिगारी खरेदीवाल्याला थांबवता येते का?

तुम्ही विचारलंय की सरकारी हॉस्पिटलला जो माल येतो त्याच्यामागे खरंच गुलामगिरी असते का आणि असली तर खरेदी करणाऱ्याच्या हातात काय आहे. असते, आणि हातात बरंच काही आहे. मी इंग्लंडमध्ये हॉस्पिटलच्या खरेदी विभागात आहे, म्हणून ग्लोव्ह्जचंच सांगतो.

जगातले खूप मोठ्या प्रमाणातले रबरी ग्लोव्ह्ज मलेशियात बनतात आणि तिथे लाईनवर असतात नेपाळ, बांगलादेशातून गेलेली पोरं. ही नोकरी मिळावी म्हणून त्यांनी एजंटला पैसे दिलेले असतात, तेही व्याजाने काढून, मग पुढचे कित्येक महिने नुसतं ते फेडण्यात जातात, आणि काही ठिकाणी पासपोर्टही मालकाकडेच. आपल्याकडे ऊसतोड मजूर मुकादमाची उचल घेतो आणि ती फिटेपर्यंत त्याला निघता येत नाही ना, अगदी तसंच. मारझोड कुठे दिसणार नाही पण माणूस अडकलेला आहे.

ऑडिटमध्ये हे का सापडत नाही तर ऑडिटर बघतो पगारपत्रक आणि हजेरी, कर्ज मात्र घेतलेलं असतं गावी, कारखान्यात पाय ठेवायच्या आधी. आणि मॅनेजर बाजूला उभा असताना कोण बोलणार?

फरक कशाने पडला ते बघा. जुलै २०२० मध्ये अमेरिकेच्या कस्टम्सने टॉप ग्लोव्ह या मलेशियातल्या मोठ्या ग्लोव्ह कंपनीच्या दोन उपकंपन्यांचा माल अडवला, भर कोविडात, आणि मग त्या कंपनीने भरतीसाठी कामगारांनी भरलेले पैसे परत केले, १३ कोटी रिंगिटच्या (मलेशियाचं चलन) वर. सप्टेंबर २०२१ मध्ये बंदी उठली. म्हणजे पैसे होते, द्यायची वेळ कोणी आणली नव्हती. ब्रिटनमध्येही २०२२ च्या आरोग्य कायद्यात एनएचएसच्या (तिथली सरकारी आरोग्यसेवा) खरेदीतून गुलामगिरी काढायचं कलम आलं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्याआधी २०१५ च्या गुलामगिरीविरोधी कायद्याखाली मोठ्या कंपन्यांनी वर्षाला एक निवेदन छापलं की झालं असंच चालायचं.

तर टेंडरमध्ये डीलरचं नाव पुरत नाही, कारखान्याचं नाव मागा, आणि तो कारखाना काम पुढे कोणाला देतो तेही (पाकिस्तानातल्या सियालकोटच्या सर्जिकल अवजारांत लहान मुलं राबताना सापडली ती अशाच बाहेरच्या छोट्या वर्कशॉपमध्ये). भरतीचा सगळा खर्च मालकाचा, आधी घेतला असेल तर परत केल्याचा पुरावा, आणि कामगारांशी त्यांच्या भाषेत, कारखान्याबाहेर बोलणं, हे करारातच लिहून घ्या. नुसतं एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी बोली, बघून रेट पिळलात तर हा खर्च परत कामगारांच्याच डोक्यावर जाईल हे नक्की, म्हणून रेटमध्ये तो धरलाय का ते विचारा.

आणि प्रकरण सापडलं की लगेच करार तोडू नका, प्लीज. नोकरी जाते, कर्ज तसंच राहतं. आधी मुदत द्या, पैसे परत करायला लावा, कामगारांना मिळाले का ते त्यांच्याकडूनच विचारून घ्या, आणि एवढं करूनही मालक हलला नाही तरच ऑर्डर दुसरीकडे न्या.