‘रेकलेस’ म्हणजे नुसता निष्काळजी नव्हे

विचारणा अशी आहे: ‘रेकलेस’ आणि ‘केअरलेस’ यांत फरक काय, आणि ‘बिनधास्त’ अशा कौतुकाच्या अर्थाने ‘रेकलेस’ चालेल का?

आधी स्पेलिंग. नाशकात हा शब्द डब्ल्यू लावून लिहिलेला मी इतक्यांदा पाहिलाय की आता डोकं फिरतं. डब्ल्यू लावला की ‘रेक’ म्हणजे मोडतोड, अपघात. मग ‘तसं ड्रायव्हिंग टाळा’चा अर्थ काय होतो? अपघात न करता गाडी चालवू नका! द्वारका चौकात हे आवाहन लोकांनी मनावर घेतलेलं दिसतंच.

‘केअरलेस’ म्हणजे निष्काळजी, त्यावर वेळ घालवत नाही. कॉलेज रोडला वळताना इंडिकेटर द्यायचा राहिला, तो निष्काळजीपणा. समोरून बस येताना दिसतेय, तरी राँग साइडने बाइक घातली, तो रेकलेसपणा. त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: बेदरकार.

आता खरी गंमत. बिनडब्ल्यूचा ‘रेक’ म्हणजे पर्वा करणे. हे जुनं इंग्रजी क्रियापद आज सुटं जवळपास कुणी वापरत नाही. वापरायचे तेव्हाही बहुधा नकारातच. आपल्या ‘दरकार’चं तेच. फारसीत ‘दर’ म्हणजे आत, ‘कार’ म्हणजे काम; कामात लागणारं, गरजेचं ते दरकार. मराठीत त्या गरजेची पर्वा झाली आणि शब्द टिकला तो मुख्यतः ‘त्याला कशाची दरकार नाही’ यात. ‘रेकलेस’चं जर्मन भावंड ‘रूखलोस’ तर आणखी घसरलं, त्याचा अर्थ आज चक्क नीच. काही कोशकार ‘रेक’ला थेट आपल्या ‘ऋजु’च्या, म्हणजे ‘सरळ’च्या, धातूपाशी नेतात. पुरावा तोकडा म्हणून बाकीचे नाकं मुरडतात. मुरडोत बापडे! सरळ चालीचं ज्याला सोयरसुतक नाही तो रेकलेस, ही जोडणी मी सोडणार नाही.

शुद्धिवादी मंडळी ‘बेदरकार’ फारसी म्हणून ‘अविचारी’ सुचवतात. साफ चूक. अविचारी माणसाच्या डोक्यात परिणाम येतच नाही. बेदरकाराच्या येतो आणि तो उडवून लावतो. धोकादायक गाडी चालवण्याबद्दलच्या, भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 मध्ये ‘रॅश’ (उतावीळ) आणि ‘निग्लिजंट’ (हयगयीचं) असे दोन शब्द आहेत. ‘अविचारी’ त्यातल्या ‘रॅश’ला द्या हवं तर.

हो, ‘बिनधास्त’ राहिलंच. नाही चालणार. गॅदरिंगला भाची बिनधास्त नाचली, तर तिला रेकलेस म्हणू नका.