थार मॉडिफाय करायचीय, पीककर्जातले पैसे वापरू का?

प्रश्न : मी दापोली तालुक्यातला आंबा बागायतदार, वय ३६. घरी आई-वडील, बायको, एक मुलगी. दोन वर्षांपूर्वी २०१४ ची थार सीआरडीई ४ लाख ८० हजारांना घेतली. आता ती घरच्या खळ्यात स्वतःच मॉडिफाय करायचा विचार आहे. मोठे ऑल-टेरेन टायर ६५ हजार, गाडी तीन इंच उंच करणारं लिफ्ट किट शॉकसकट ७० हजार, विंच (रुतलेली गाडी ओढायची विजेवरची चरखी) आणि लोखंडी बंपर ७५ हजार, फायबरचा हार्ड टॉप ६० हजार, गंजकाम आणि रंग २५ हजार, स्नॉर्केल (इंजिनाला वरून हवा देणारी नळी) १२ हजार, एलईडी बार १३ हजार, शिवाय वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, कॉम्प्रेसर मिळून ३० हजार. एकूण साडेतीन लाख. पन्नास हजार हातात आहेत. बाकीचे तीन लाख किसान क्रेडिट कार्डातून काढू, की १४ टक्क्यांचं पर्सनल लोन घेऊ? शनिवार-रविवारी पर्यटकांना जीप सफारी दिली तर वर्षाला दोन लाख सुटतील असा हिशोब आहे. घरी अजून सांगितलेलं नाही.

उत्तर :

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. साडेतीन लाखांची गोष्ट घरी सांगायला जड जातेय, याचा अर्थ तुमच्या मनालाही हिशोब पुरता पटलेला नाही. हौस असण्यात गैर काही नाही. पण तुम्ही हौसेला धंद्याचा सदरा घातलाय, आणि तो काढल्याशिवाय मला उत्तर देता येणार नाही.

आधी धंदाच बघू. तुमची गाडी पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी. पैसे घेऊन तिच्यात पर्यटक बसवले की विनापरवाना प्रवासी वाहतूक झाली. मोटार वाहन कायद्यात त्याला पहिल्या गुन्ह्यालाच १० हजारांचा दंड आहे, कैदेचीही तरतूद आहे. दंड भरून सुटता येईल, खरी भीती विम्याची आहे. थर्ड पार्टी विम्यात मृत्यू किंवा जखमेच्या भरपाईला वरची मर्यादा नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण खासगी पॉलिसीवर भाड्याने माणसं नेताना अपघात झाला, तर अटींचा भंग धरला जातो. कंपनी पैसे द्यायला नाकारू शकते, किंवा न्यायाधिकरण तिला आधी द्यायला लावतं आणि मग तुमच्याकडून वसूल करायची मुभा देतं. कमावत्या माणसाच्या जिवाची भरपाई काही लाखांत जाते. ती वसुली बागेवर येते. वर्षाला दोन लाखांसाठी हा धोका पत्करायचा नाही, इथे माझ्याकडून होकार नाहीच.

पिवळी पाटी करून रीतसर करू म्हणाल, तर आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं आणि तुमच्या यादीतल्या निम्म्या गोष्टी लावलेली गाडी तिथे अडकेल. आणि समजा परवाना मिळाला, तरी पर्यटकांची खरी गर्दी एप्रिल-मेच्या शनिवार-रविवारी. तेव्हा तुमच्या बागेत काढणी, आढी, पेट्या भरणं आणि वाशीची गाडी गाठणं चाललेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत मोहोराच्या फवारण्या. तेव्हा सफारीला कोण जाणार? हा दोन लाखांचा आकडा खोडून टाका.

कमाई गेली की उरतो निव्वळ खर्च, आणि प्रश्न राहतो तो कुठल्या पैशातून करायचा.

किसान क्रेडिट कार्डाला हात लावू नका. स्वस्त आहे म्हणून मोह होतो, हे कळतं. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर ७ टक्के व्याज, वेळेत फेडलं तर केंद्राची ३ टक्के सवलत, आणि उरलेलं राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख योजनेतून, म्हणजे जवळजवळ बिनव्याजी. पण ‘वेळेत’ हा शब्द हुकला की दोन्ही सवलती जातात. शिवाय हे पैसे पिकासाठीच दिलेले असतात, गाडीसाठी वापरणं हा कर्जाच्या अटीचा भंग आहे. माझी खरी अडचण त्याहून साधी आहे. ते तीन लाख आता थारमध्ये घातले, तर मोहोर आल्यावर फवारणी कशातून करणार? राखणीच्या माणसांचा पगार? मग वाशीच्या दलालाची उचल घ्यावी लागते, आणि उचल घेतली की माल त्याच्याच गाळ्यावर, तो म्हणेल त्या भावाला. तिथे तुटणारा पैसा कुठल्या व्याजाच्या तक्त्यात दिसत नाही, पण तो कुणाही बँकेच्या व्याजापेक्षा महाग पडतो. हे तुम्हाला मी सांगायला नको.

पर्सनल लोन १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याला साधारण १०,२५० रुपये हप्ता आणि एकूण ६९ हजारांच्या आसपास व्याज. नोकरदाराला महिन्याचा हप्ता झेपतो, कारण त्याचा पगार महिन्याला येतो. तुमचा वर्षातून एकदा येतो, तोही हापूसच्या मर्जीवर. एक वर्ष आड धरणारं झाड आहे ते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडच्या बागांचं काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. वर्षभराचा घरखर्च आणि एका हंगामाचा बागखर्च बाजूला पडलेला असल्याशिवाय हौसेसाठी कर्ज, हे तुमच्या उत्पन्नाला मानवणारं नाही. तुमच्या पत्रात अशा शिलकीचा उल्लेख नाही, म्हणून ती नाही असंच धरून चाललोय.

आता यादी. यातल्या बऱ्याच गोष्टी पैशाआधी कायद्यातच अडकतात. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की उत्पादक कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कायद्यात मालकाला बेकायदा बदलामागे ५ हजार रुपये दंड आला, एका बदलाला एक, आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद. पुढचे लोखंडी बंपर-गार्ड डिसेंबर २०१७ पासून केंद्राने बंद केलेत. कापडी टपाची गाडी कायमच्या हार्ड टॉपची करायची, तर आधी आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद. रस्त्यावर अशा गाड्या रोज दिसतात, हे खरं. पण तुमच्या गाडीची नोंदणी २०२९ ला संपतेय. नूतनीकरणाला ती इन्स्पेक्टरसमोर उभी करावी लागेल, तेव्हा लावलेलं सगळं परत काढायला लागेल. काढण्याची मजुरी तुमच्या अंदाजपत्रकात नाही.

लिफ्ट किटबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण तुमचा जीव तिथेच अडकलेला दिसतो. या थारला पुढे टॉर्शन बार, मागे पाटे. गाडी तीन इंच उचलली की पुढच्या अ‍ॅक्सलच्या सांध्यांचा कोन वाढतो, रबरी बूट लवकर फाटतात, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस ओरडायला लागतात, ब्रेकचे पाइप ताणले जातात. म्हणजे ७० हजार हा पहिला हप्ता, पुढचे दर सर्व्हिसिंगला. टायरचंही तसंच. मूळ २३५/७० आर १६ च्या जागी २४५/७५ आर १६ घातले, तर चाकाचा व्यास पाच टक्क्यांनी वाढतो. काटा ६० दाखवेल तेव्हा तुम्ही ६३ ने चाललेले असाल. पिकअप आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही खाली. बागेतली चढण आणि पावसात वाहणारा पऱ्या एवढ्यासाठी मूळ मापाचे ऑल-टेरेन टायर आणि फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) पुरेसे आहेत. मागे लॉकिंग डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी सोय नसेल, तरीही.

विंच नको. साडेनऊ हजार पौंडी विंच पूर्ण ताणावर साडेतीनशे-चारशे अँपियर ओढते, म्हणजे बॅटरी आणि वायरिंगही बदला. त्या पैशांत शेजारच्या वाडीतला ट्रॅक्टर किती वेळा बोलावता येईल, हिशोब करा. कर्दे-मुरुडच्या वाळूत रुतलेल्या पुणे-मुंबईच्या गाड्या ओढायचं मनात असेल, तर तेही सोडा. किनाऱ्यावर गाडी घालणाऱ्यांवर पोलीस गुन्हे नोंदवतात, आंजर्ल्याकडे कासवांची घरटी असतात, आणि खारं पाणी एकदा चासीत शिरलं की तुमचे २५ हजारांचे गंजकाम दोन पावसाळ्यांत वाया. स्नॉर्केल आणि एलईडी बार यांच्यावर शब्द घालवत नाही.

उरलं गंजकाम. तुमच्या यादीत ते खालच्या अंगाला आहे, माझ्या यादीत पहिलं. पाऊस ओसरलाय, हवा कोरडी होतेय, हेच दिवस. खालून गोड्या पाण्याने धुऊन दोन दिवस वाळू द्या. मग जाड स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मागच्या पाट्यांचे हँगर, मागचा आडवा क्रॉस मेंबर, बॉडी जिथे चासीवर बसते ते सगळे ब्रॅकेट, आणि चटई उचलून पाय ठेवायची जागा टोचून बघा. हातोडीने हलकं ठोका. धड लोखंड खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. वरवरचा गंज असेल तर वायर ब्रशने धातूपर्यंत खरवडा, रस्ट कन्व्हर्टर, मग झिंक प्रायमर, मग रंग, आणि पोकळ भागांत मेण फवारा. गंजावरूनच काळं रबर कोटिंग मारून देणारे भेटतील. ते करू नका. ओल आत कोंडून राहते, गंज आतून वाढतो आणि वरून गाडी नवी दिसते.

घरी काम करताना एक गोष्ट मात्र अजिबात नको. जॅक लावून खाली जांभ्याचा चिरा सरकवायची आपल्याकडे सवय आहे. चिरा भिंतीत भार घेतो, पण चासीच्या कडेखाली एका बिंदूवर दाब आला की भुगा होतो. चांगले जॅक स्टँड घ्या, खाली सपाट फरशी किंवा जाड फळी. गाडीच्या विम्यासोबतचा मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा गाडी चालवताना आणि चढता-उतरताना चालतो, गाडीखाली आडवं पडून नट सोडवताना नाही. स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या. निदान वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा तरी आजच्या आज. टर्म इन्शुरन्सबद्दल पत्रात एक अक्षर नाही. मुलगी आहे, आई-वडील आहेत. टायरच्या आधी तो.

वेल्डिंग मशीनही घेऊ नका. चासीचं वेल्डिंग शिकाऊ हाताचं काम नाही. ते फॅब्रिकेटरकडून करून घ्या आणि त्याला आधी बॅटरीच्या तारा काढायला सांगा, नाहीतर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जळायचा. ग्राइंडर, जॅक स्टँड, वायर ब्रश, टायरचा छोटा पंप, ओढायचा चांगला पट्टा आणि तो अडकवायच्या दोन शॅकल (लोखंडी कड्या), एवढं १५ हजारांत बसेल. गंजकाम २५ हजार. म्हणजे हातातल्या पन्नासात हे दोन्ही होऊन वर दहा हजार उरतात, त्यांतून अपघात विम्याचा हप्ता. टायर पुढच्या जूनमध्ये, आंब्याचा हिशोब झाल्यावर आणि पीककर्ज फेडल्यावर. हंगाम चांगला गेला तर पाचही, बेताचा गेला तर चार आणि स्टेपनी जुनीच. कापडी टप गळत असेल तर नवं कापड शिवून घ्या. आरसीला हात लागत नाही.

नूतनीकरणाच्या वेळी विमा कंपनीला नवीन सामान लेखी कळवा. जुन्या गाडीला झिरो-डेप (घसारा न कापणारा विमा) सहसा मिळत नाही, आणि साध्या पॉलिसीत टायर-बॅटरीला ५० टक्के घसारा कापतात, हेही धरून चाला.

आणि टोचताना स्क्रू-ड्रायव्हर चासीच्या मुख्य पट्टीत आरपार गेला, तर पुढचं काहीच करू नका. ग्राइंडरसुद्धा घेऊ नका. फॅब्रिकेटरचा लेखी अंदाज काढा. तो ७०-८० हजारांच्या वर गेला तर गाडी आहे तशी, गंज दाखवून, विकायला काढा. आलेल्या पैशातून आधी ती वर्षभराची शिलक उभी करा.