विंडोज 11 मध्ये रंग आणि थीम मनाप्रमाणे कशा बदलायच्या? डार्क मोड डोळ्यांना खरंच चांगला असतो का?

तुम्ही लिहिलंय की मित्राने लॅपटॉप हातात येताच सगळं काळं करून दिलं, संध्याकाळपर्यंत तुमचे डोळे ओढल्यासारखे होतात आणि तो म्हणतो, सवय होईल. सवय होत नाही. मी वाट पाहून सांगते आहे.

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझं सेवा केंद्र आहे. टिनाच्या छताची खोली, दार पश्चिमेला, दारासमोर मोकळं अंगण. 2023 च्या जुलैत एक रुपयात पीक विमा सुरू झाला तेव्हा सकाळी सात वाजल्यापासून लाइन लागायची. त्याच वर्षी श्रावण अधिक होता, म्हणून घरी धोंड्यासाठी नणंद-जावई आलेले, आणि पुण्याहून माझे दीरही आले होते. भाऊजी तिथे कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहेत. रात्री जेवणं झाल्यावर ते केंद्रात जाऊन बसले आणि माझं मशीन 'नीट' करून आले. डार्क मोड तर लावलाच, ब्राउझरमधली आतली एक सेटिंग चालू करून वेबसाइटींची पांढरी पानंही काळी केली. "वहिनी, आता बघा, डोळ्यांना किती शांत वाटते. आमच्याकडे सगळे हेच वापरतात." रात्री, ट्यूब बंद करून पाहिलं तर खरंच छान दिसत होतं. मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन दारातून आत आलं आणि स्क्रीनचा आरसा झाला. मला माझा चेहरा दिसत होता, मागे उभे असलेले लोक दिसत होते, त्यांच्या हातातल्या पिशव्या दिसत होत्या. फॉर्म तेवढा दिसत नव्हता. शिवाय माझं काम असं की एका हातात शेतकऱ्याचा सातबारा, पांढरा कागद, आणि समोर काळा पडदा. नजर कागदावर गेली की डोळ्याची बाहुली लहान होणार, पडद्यावर आली की मोठी होणार. दिवसाला शेकडो वेळा. तीन-साडेतीनला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या फॉर्मवर गट नंबर 136 च्या जागी 186 पडला. मी सबमिट करायच्या आधी एकदा वाचूनही पाहिला आणि मला तो 136 च दिसला. आधी प्रिंट काढून दाखवायची माझी पद्धत आहे म्हणून वाचलो. कागद पाहून ते म्हणाले, "ताई, माहा गट तं एकशे छत्तीस हाये, हे कोनाचं वावर लेयलं?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मला रात्री झोप लागली नाही. तो नंबर तसाच गेला असता तर त्यांच्या कपाशीचा विमा दुसऱ्याच्या वावरावर निघाला असता.

रात्री पानावर बसल्या बसल्या मी हे सांगितलं तर भाऊजी म्हणाले, "थीमने काय होते वहिनी, तुम्ही घाईत टाइप केलं असंल. सवय करा." वर म्हणाले, इन्व्हर्टरही जास्त वेळ चालेल. मला हे लागलं. मी 2006 साली एमएस-सीआयटी केली ती विंडोज एक्सपीवर. तेव्हा रंगाच्या पानावर 'ॲडव्हान्स्ड' बटण होतं. टायटल बार म्हणजे खिडकीची वरची पट्टी, मेनू, खिडकीची पार्श्वभूमी, एकेका गोष्टीला वेगळा रंग देता यायचा. खिडकीची पार्श्वभूमी मी जुन्या वहीच्या पानासारखी फिकट पिवळसर ठेवायची. 2012 च्या विंडोज 8 पासून ती सोय गेली. म्हणजे रंगाशी माझी ओळख भाऊजींच्या नोकरीपेक्षा जुनी आहे.

गर्दी ओसरल्यावर मी त्यांचंच म्हणणं खरं मानून ऑगस्टमध्ये पंधरा दिवस डार्क मोड वापरला. संध्याकाळी अक्षरांभोवती पांढरट धूर यायचा. मराठीत तर आणखी त्रास. काळ्यावर पांढरं अक्षर फुगतं आणि अनुस्वार, रफार शिरोरेषेत मिसळून जातात. 'कांबळे' आणि 'काबळे' सारखेच दिसायला लागले, आणि आधारवरचं नाव सातबाऱ्यावरच्या नावाशी जुळवणं हीच तर माझी रोजीरोटी. यवतमाळला डोळे तपासले तर सिलिंड्रिकल नंबर निघाला, म्हणजे डोळ्याची गोलाई सगळीकडे सारखी नाही. असा नंबर असला की काळ्यावरची पांढरी अक्षरं पसरतात, कारण अंधाऱ्या पडद्यापुढे बाहुली मोठी होते आणि डोळ्यातला दोष जास्त उघडा पडतो. तुमच्या डोळ्यांचं मला माहीत नाही, पण चष्म्याच्या कागदावर सिलिंडरच्या रकान्यात आकडा असेल तर मित्राला तो दाखवा. इन्व्हर्टरचं म्हणाल तर साध्या एलसीडी स्क्रीनमागचा दिवा काळ्या रंगालाही पेटलेलाच असतो. विजेची बचत ओएलईडी स्क्रीनवर होते, जिथे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि काळा ठिपका विझलेला असतो, माझ्या केंद्रातल्या मॉनिटरवर नाही.

आता मी काय केलंय ते सांगते. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, कलर्स इथे मोड 'कस्टम' ठेवला आहे. टास्कबार काळा, ॲप पांढरे. टायटल बारवर ॲक्सेंट रंग, म्हणजे आपण निवडलेला ठळक रंग, दाखवायचं बटण चालू आहे, कारण चार खिडक्या उघड्या असतात आणि आपण कुठल्या खिडकीत टाइप करतोय हे रंगावरून कळलं पाहिजे. अक्षरांचा आकार ॲक्सेसिबिलिटीमध्ये 115 टक्के. मॉनिटरचा उजेड खोलीएवढा, हातातला कागद आणि पडदा सारखे उजळ दिसतील इतका. नाईट लाइट, म्हणजे पडद्याचा निळसर उजेड कमी करणारी सोय, थोडा लावला की पांढरं पान तेच जुन्या वहीसारखं होतं. पासपोर्ट फोटोचं काम असलं की तो बंद करायचा, नाहीतर सगळे कावीळ झाल्यासारखे दिसतात. आणि मुख्य म्हणजे मॉनिटर दाराला आडवा केला. हे थीमच्या आधी करा.

बाहेरून थीमचे पॅक उतरवून विंडोजच्या फाइली बदलू नका. पुढच्या अपडेटला ते मोडतं. विंडोज ॲक्टिव्हेट नसेल तर रंगाचं पानच बंद दिसेल, मग कुणाच्याही युक्त्या वाचत बसू नका.

एक गोष्ट मात्र भाऊजींच्या बाजूची आहे. माझे मामाजी, म्हणजे सासरे, जिनिंगमध्ये दिवाणजी होते. त्यांना रोज कापसाचे भाव स्वतः वाचायचे असतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशन त्यांनी वेचणी संपेपर्यंत पुढे ढकललेलं. पांढरा पडदा समोर आला की त्यांना नुसता झगझगाट दिसायचा, कारण गढूळ झालेल्या भिंगात उजेड विखुरतो. त्यांच्यासाठी मी ॲक्सेसिबिलिटीतल्या कॉन्ट्रास्ट थीममधली काळ्या पार्श्वभूमीची 'नाईट स्काय' घेतली, 'एडिट' करून अक्षरं पिवळी केली, वेगळ्या नावाने जतन केली. पहिल्या दिवशी चष्मा पुसून खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "आता दिसून राहिलं." म्हणजे काळं वाईट असं मी म्हणत नाही. मोतीबिंदूवाल्याला काळं लागतं, माझ्यासारखीला पांढरं, आणि पुण्यातल्या पडदे लावलेल्या खोलीत भाऊजींना जे सोसतं ते त्यांचं. कॉन्ट्रास्ट थीमचा एक तोटाही आहे. ती वेबसाइटचे स्वतःचे रंग पुसून टाकते, फॉर्ममधली लाल खूण बाकीच्या अक्षरांच्याच रंगाची होते. म्हणून फॉर्म भरायला ती वापरू नका, वाचायला वापरा.

मामाजींसाठी मी वेगळं युजर खातं काढलं. थीम खात्यागणिक राहते, एकाची दुसऱ्याला लागत नाही. मशीन दोघांत असेल तर मित्राशी वाद न घालता तेच करा. ऑपरेशन झाल्यावर मामाजी परत बसले तर म्हणाले, हा पिवळा इतका भडक कुणी केला? भिंगाचा जुना पिवळेपणा गेला होता ना. दोन दिवसांनी त्यांचं खातंही पांढरं केलं. दिवाळीत भाऊजी आले तेव्हा त्यांच्या नावाचं तिसरं खातं आधीच काढून ठेवलं होतं. त्यात त्यांनी हवं ते काळं केलं. माझ्या खात्याला पासवर्ड आहे.