गॉलवेतील संध्याकाळ

प्रश्न : आमची मुलगी आयर्लंडमधील गॉलवे येथे शिकते. जूनमध्ये पॅरिस पाहून आम्ही उभयता चार दिवस तिच्याकडे जाणार आहोत. हे शहर रात्रीच्या गजबजाटासाठी प्रसिद्ध आहे म्हणतात. परंतु आम्ही साठीच्या घरातले, शिवाय मद्य न घेणारे. आम्ही तेथे काय पाहावे, संध्याकाळी कोठे जावे आणि फ्रान्सचा व्हिसा तेथे चालेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : व्हिसाचे आधी सांगतो. फ्रान्सचा व्हिसा हा शेंगेन व्हिसा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या शेंगेन क्षेत्रापुरता असतो; आयर्लंड युरोपीय संघात असले तरी या क्षेत्रात नाही. त्यामुळे तुम्हांला आयर्लंडचा स्वतंत्र व्हिसा काढावा लागेल, आणि परतीचा प्रवास पॅरिसमार्गे असेल तर शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हेही आताच पाहून घ्यावे.

मद्य घेत नाही म्हणून गॉलवेच्या पबकडे पाठ फिरवू नका. तेथील संध्याकाळचे खरे आकर्षण संगीत आहे. मेनगार्ड स्ट्रीटवरील ‘टिग कोली’ किंवा नदीपलीकडील ‘द क्रेन’ अशा पबांत वादक व्यासपीठावर न बसता कोपऱ्यातल्या टेबलाभोवती बसतात; एकजण फिडलवर (व्हायोलिनवर) धून सुरू करतो, बासरी आणि अ‍ॅकॉर्डियन तीत मिसळतात, आणि तीच धून बहुधा तीनदा वाजवून, मध्ये न थांबता, मंडळी पुढच्या धुनेवर जातात. बोदरान नावाचे बकऱ्याच्या कातड्याचे डफासारखे वाद्य वाजवणाऱ्याकडे अवश्य लक्ष द्या : एका हातातल्या आखूड काठीने ठेका धरताना त्याचा दुसरा हात आतून कातडे दाबत स्वर चढवत-उतरवत असतो. या बैठकीला तिकीट नसते. मात्र वादकांच्या राखीव खुर्च्यांवर बसू नये. पेय काउंटरवर जाऊन मागायचे व पैसे तिथेच द्यायचे. लिंबूपाणी किंवा अल्कोहोलविरहित बिअर मागितल्यास कोणी भुवया उंचावत नाही. 2004 पासून पबमध्ये धूम्रपानास बंदी असल्याने धुराचा त्रासही नाही. जेवण मात्र लवकर उरका, कारण पबचे स्वयंपाकघर संगीत रंगण्याआधीच बंद होऊ शकते. आणि शाकाहारी असाल तर ‘चाउडर’ नावाच्या सूपबद्दल आधी विचारा, त्यात सहसा मासे असतात.

जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, म्हणून शहर पाहण्याची घाई नको. शहराच्या मध्यवर्ती आयर स्क्वेअर चौकापासून शॉप स्ट्रीटने निघालात की लिंच घराण्याचा जुना दगडी वाडा (आता तेथे बँक आहे), चौदाव्या शतकातील सेंट निकोलस चर्च आणि कॉरिब नदीकाठची 1584 मधील स्पॅनिश कमान हे सारे पायी उरकते. शनिवार मिळाल्यास चर्चशेजारचा बाजार चुकवू नका.

शहराबाहेर एक दिवस काढायचा तर क्लेअर परगण्यातील मोहरचे उंच समुद्रकडे किंवा गॉलवेच्या उपसागरातील अ‍ॅरन बेटे यांपैकी एकच निवडा. एका दिवसात दोन्ही उरकणाऱ्या सहली असतात, पण त्यांत तुमची दमछाकच अधिक होईल. माझे मत बेटांना. सर्वांत मोठ्या इनिशमोर बेटावर कड्याच्या टोकाशी डून एंगस हा प्राचीन दगडी किल्ला आहे आणि त्याच्या समुद्राकडील बाजूला कठडा नाही. चढ खडबडीत दगडांचा असल्याने चांगल्या पकडीचे बूट व वाऱ्यापावसाचे जाकीट जवळ ठेवा, आणि समुद्र खवळला तर बोटी रद्द होतात म्हणून ही सहल शेवटच्या दिवशी ठेवू नका.